वाचकांचे प्रश्न : अनुभव पंधरा वर्षांचा, सळई गंजली पाचव्या वर्षी

या वेळच्या पत्रांत बांधकामावरच्या माणसांच्या कसबाचे प्रश्न जास्त होते. त्यातले चार निवडले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे गवंडी, सेंट्रिंगवाले आणि सळई बांधणारे मिळून अठरा माणसं आहेत. बहुतेकांचा अनुभव दहा-पंधरा वर्षांचा. तरीही समुद्राच्या बाजूला बांधलेल्या घरांच्या बाल्कन्यांना आणि छज्ज्यांना पाच-सहा वर्षांतच तडे जातात, पोपडे सुटतात, सळई उघडी पडते. माणसांना शिकवायचं ठरवलं आहे, पण सुरुवात कुठून करू? आणि काम चालू असताना वेळ कुठून काढू? (छोटे कंत्राटदार, फोंडा)

सगळं शिकवायला जाऊ नका. तुमच्या तक्रारीच्या मुळाशी तीनच गोष्टी आहेत : कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), पाणी आणि बाल्कनीतली वरची सळई. या तीन जमल्या तर बाकीचं सावकाश शिकवता येईल.

आधी कव्हर. आय.एस. 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या हवेला उघडं राहणारं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडतं. त्याला किमान 45 मिलिमीटर कव्हर, एम 30 या ताकदीच्या दर्जाचं काँक्रीट, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45 लागतं. घराच्या आतला, खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला असलेला भाग ‘मध्यम’ वर्गात येतो. तिथे 30 मिलिमीटर आणि एम 25. प्रत्यक्षात सळईखाली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) नाही तर खडीची कपची सरकवली जाते. माणूस वर उभा राहिला की कपची निसटते आणि सळई फळीला टेकते. मिठाचा वारा आणि ओल तिथूनच आत शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून ढकललं जाऊन फुटतं. हे कारण माणसांना एकदा कळलं की कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे ठोकळे, त्यांना इंजिनिअरची कटकट वाटत नाहीत. ब्लॉक मात्र साइटवरच्या उरलेल्या पातळ मालाचे ओतू नका. तेच आधी पाणी पितात. स्लॅबच्या दर्जाचंच काँक्रीट वापरा, ओतताना ब्लॉकमध्ये बाइंडिंग वायर रोवा आणि ब्लॉक आठवडाभर पाण्यात ठेवा.

दुसरं पाणी. सिमेंटच्या 50 किलोच्या एका गोणीला 0.45 च्या हिशेबाने साडेबावीस लिटर पाणी येतं. माल ‘सरसर जावा’ म्हणून कुणी दहा लिटरची एक बादली जास्त ओतली तर प्रमाण थेट 0.65 वर जातं आणि ताकद एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त उतरते. मालाला लवचीकपणा हवा असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरायचा, बादली नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. वाळू ओली असते. गोणीमागे 80 किलो वाळू पडत असेल आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी आधीच मालात आलेलं असतं. शिवाय ओली वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याने किंवा फरम्याने (मापाच्या खोक्याने) मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते. तपासायला काचेचं मापी भांडं पुरतं. ओली वाळू 200 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा, पाणी घालून ढवळा, खाली बसू द्या. पातळी 160 वर आली तर फुगवटा 25 टक्के आहे, म्हणजे मोजून घ्यायची वाळू तितकी वाढवायला हवी. ही चाचणी हेल्परही पाच मिनिटांत शिकतो. मिक्सरवर जो उभा असतो त्याला ती आधी शिकवा. पाण्याची बादली त्याच्याच हातात असते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महागात पडते. एका बाजूने भिंतीत धरलेल्या बाल्कनीत आणि छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. कागदावर सळई बरोबर, स्लॅबमध्ये चूक. समजावायला थर्माकोलची जाड पट्टी एका टोकाला धरा, दुसरं टोक दाबा आणि वरच्या बाजूला काप द्या. काप उघडतो. नंतर तोच काप खालच्या बाजूला द्या. तो मिटतो. ड्रॉइंग वाचता न येणाऱ्यालाही हे पटतं. उपाय म्हणजे वरची सळई उचलून धरणाऱ्या सळईच्या घोड्या, म्हणजे चेअर, साधारण मीटरभर अंतरावर बांधायच्या आणि चालण्यासाठी वेगळ्या फळ्या टाकायच्या.

आता वेळ. जून ते सप्टेंबर बाहेरची कामं मंदावतात आणि बरीच माणसं शेडमध्ये बसून असतात. तेव्हा शेडमध्येच सव्वा मीटर लांब-रुंद फरमा करा. त्यात 125 मिलिमीटर जाडीचा तुकडा ओतायचा, 10 मिलिमीटरच्या सळया 150 मिलिमीटर अंतरावर, दोन्ही दिशांना आठ-आठ. एका अर्ध्यात तुमची नेहमीची पद्धत वापरा, दुसऱ्या अर्ध्यात कव्हर ब्लॉक आणि घोड्या. ओतण्याआधी दोन माणसांना जाळीवरून चालायला लावा आणि नंतर कव्हर मोजा. त्याच दिवशी 150 मिलिमीटरचे सहा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरा, तीन बरोबर पाण्याचे आणि तीन एक बादली जास्त घातलेले. 28 दिवसांनी प्रयोगशाळेत ते फोडताना मेस्त्रीला आणि मिक्सरवाल्याला समोर उभं करा. आकडा तुम्ही सांगितलेला आणि मशीनवर डोळ्यांनी पाहिलेला, यात फरक पडतो. महिन्याने तुकडाही फोडून आतली सळई दाखवा.

एका वेळी एकच विषय घ्या, आठवड्यातून अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नका. कापलीत तर पुढच्या आठवड्याला कुणी येणार नाही. कर्नाटक, झारखंड, बिहार इथून आलेल्या गटांत शिकवणारा शक्य तो त्याच गटातला घ्या. भाषेची अडचण नाही, लाज वाटण्याची आहे. मराठी-कोकणीत विचारायला जो कचरतो तो आपल्या माणसाला विचारतो.

आणि पाणी मारणं म्हणजे फक्त शिंपडणं नाही. स्लॅबवर वाळूचे बांध घालून पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस. फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्या पी.पी.सी. आणि पी.एस.सी. सिमेंटला दहाच्या खाली नाही, चौदा दिले तर उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : इतका खर्च करून शिकवलं आणि माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला तर? (तोच प्रश्न डिचोलीहून दोघांनी विचारला आहे)

जातात. सगळ्यांना एकाच दराने मजुरी मिळते तिथून जास्त जातात. शिकून जो परीक्षा पास होतो त्याचा दर त्याच आठवड्यापासून वाढला पाहिजे. थोडा का असेना, सगळ्यांना दिसेल असा. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आणि दर तोच राहिला, तर प्रमाणपत्राची किंमत शून्य.

सरकारी दारं दोन आहेत. जुन्या कामगारांसाठी ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजे आधीच्या कसबाची थोडक्यात उजळणी, परीक्षा आणि दाखला. नव्यांसाठी ॲप्रेंटिसशिप. 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस ठेवणं बंधनकारक आहे आणि 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. तुमच्यासारख्या छोट्या ठेकेदारांना वाटतं की हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसं नाही. याशिवाय माणसांची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, तेवढं बघा. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम, ही मुख्य अट आहे. ठेकेदाराने कामाचा दाखला दिला नाही की अर्ज तिथेच अडतो, आणि तो दाखला देणं तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मुलगा दहावी झाला. वाळपईजवळ राहतो. आय.टी.आय.ला घालू की मामाबरोबर थेट गवंडीकामाला? (गृहिणी, सत्तरी)

दोन्ही चालेल, पण मामाकडे जायचं तर वजाबाकी-भागाकार आणि ड्रॉइंग वाचणं सुटता कामा नये. बारा मिलिमीटरच्या सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 0.89 किलो. एवढं डोक्यात करता येणारा मुलगा तीन वर्षांत मुकादम होतो, न येणारा तिथेच राहतो. आय.टी.आय.मध्ये गवंडीकाम आणि प्लंबिंगचे अभ्यासक्रम एक वर्षाचे, ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचा. मुलाचा हात चित्रावर चांगला चालत असेल तर ड्राफ्ट्समन. नाहीतर प्लंबिंगचा विचार करा. पाण्याची लाइन नीट टाकणारा माणूस शोधून मिळत नाही, हे घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा. अठराच्या आत मात्र परांचीवर चढू देऊ नका, मामा असला तरी.

प्रश्न : घर बांधायचं आहे. मेस्त्रीचं काम बघायचं कसं? सगळेच ‘पंचवीस वर्षं करतो’ म्हणतात. (निवृत्त शिक्षक, पेडणे)

पूर्ण मजुरी देऊन अर्ध्या दिवसाची चाचणी घ्या. अंगणात चिऱ्याचा काटकोनी कोपरा बांधायला सांगा : दोन्ही बाजू एक-एक मीटर, चार थर, सिमेंट-वाळू 1:6. मग मोजपट्टी घ्या. कोपऱ्यापासून एका बाजूला 60 सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 80 सेंटिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 100 यायला हवं. ओळंबा लावून उभेपणा बघा. एवढ्या उंचीत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. खालचे-वरचे उभे सांधे एकावर एक आले आहेत का बघा. आले असतील तर तो मेस्त्री नको.

पण खरी परीक्षा बांधताना होते. चिरा लावण्याआधी ओला करतो का? कोरडा चिरा मालातलं पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. मिसळलेला माल दोन तासांत संपवतो, की सुकत चाललेल्यात पुन्हा पाणी घालून वापरतो? सांध्यात माल पूर्ण भरतो, की दर्शनी बाजूला लिंपून मागे पोकळ ठेवतो? हे समजायला एक चिरा उचलून पाहा. त्याला तो राग आला तर येऊ द्या. एका दिवसात भिंत मीटरभराहून जास्त चढवायची नाही, हे न सांगता त्याला माहीत असेल तर बोलणी पुढे न्या.

आणि पाया खणताना जपा. वरचा चिऱ्याचा थर कडक दिसतो, पण त्याखाली मऊ, पांढुरकी-पिवळसर माती लागते. पाऊस पडला की ती सरकते आणि वरचा कडक थर एकदम कोसळतो. दीड मीटरपेक्षा खोल चर खणायचा तर कडांना आधार द्यायचा किंवा त्या उतरत्या कापायच्या. काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर दूर, खोल चराला खोलीच्या निम्म्याइतकी. उतरायला शिडी, चर लांब असेल तर दर पंधरा मीटरला एक. चाचणीच्या दिवशी मेस्त्रीला विचारा, ‘चर खोल गेला तर काय कराल?’ उत्तर ‘काही होत नाही हो’ असं आलं, तर बांधलेला कोपरा कितीही सरळ असला तरी काम त्याला देऊ नका.