‘एकटीला उठू दिलं आणि पडली तर?’

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, शब्द तेवढे बदलतात. हा मुलगाही तोच घेऊन आला होता. मुलगा म्हणजे वय वर्षं ५३. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आई ७८ वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, मांडी काळीनिळी झाली तेवढंच. पण घरानं धसका घेतला. चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या. अंघोळ त्या घालणार, केस त्या विंचरणार, पाण्याचा पेलासुद्धा तोंडापाशी त्याच नेणार. रात्री उठायला नको म्हणून डायपर. तरी आता खुर्चीतून उठायला आईला दोघं लागत होते, बोलणं आटलं होतं, दिवसभर नुसत्या डुलक्या.

“आम्ही काही कमी पडू दिलं नाही हो मॅडम. तरी खालावतच चालली आहे. स्मृतिभ्रंश तर नसेल?”

मी घरी गेले. आजींना विचारलं, कसं वाटतंय? त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. “त्याला माहीत आहे.”

माझ्या मनात नैराश्य हा शब्द पक्का झाला होता, खोटं कशाला बोलू. पण सत्तरीपुढच्या माणसाशी सत्रं सुरू करण्याआधी शरीर तपासणारं कुणी घरी जाऊन यावं, असा माझा शिरस्ता आहे. तो बऱ्याचदा चुकून ठेचकाळल्यावर लागला. म्हणून ज्येष्ठांच्या घरी जाऊन परिचर्या करणाऱ्या एका अनुभवी सिस्टरना बोलावलं.

सिस्टरनी आल्या आल्या रक्तदाब मोजला. आधी आडवं झोपवून, मग उभं करून. उभं राहिल्यावर वरचा आकडा १४२ वरून ११६ वर आला. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर ती नोंद घेण्याजोगी घसरण मानतात. आजींचा २६ नं उतरला होता. “उठलं की डोळ्यांपुढे काळोखी येते?” सिस्टरनी विचारलं. “येते की.” “मग सांगितलं नाहीत?” “कुणी विचारलंच नाही.”

मग गोळ्यांची पिशवी पलंगावर उपडी झाली. नऊ प्रकार निघाले. त्यातली झोपेची गोळी पडल्यानंतर ‘थोडे दिवस’ म्हणून सुरू झालेली, ती कुणी थांबवलीच नव्हती. सर्दीची एक गोळीही अधूनमधून चालू होती, तीही गुंगी आणणारी. आणि पाणी? दिवसाला जेमतेम तीन पेले. वयाबरोबर तहान कमी जाणवते हे खरं, पण इथे कारण वेगळं होतं. मुलगा बाहेर गेल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “प्यायलं की लागते. मग त्या कपड्यात करायचं. या वयात लाज सोडता येत नाही हो.”

पाणी कमी, म्हणून उभं राहिल्यावर रक्तदाब आणखी उतरणार. त्यात झोपेच्या गोळीची गुंगी, आणि पाच महिने न वापरलेले पाय. पडू नये म्हणून केलेल्या बंदोबस्तानं पडण्याचीच तयारी करून ठेवली होती. सिस्टरनी स्वतः एकही गोळी बदलली नाही; सगळी यादी आणि रक्तदाबाचे आकडे लिहून डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी सर्दीची गोळी बंद केली, रक्तदाबाच्या औषधाची मात्रा बदलली आणि झोपेची गोळी हळूहळू उतरवत आणली. ती एकदम तोडत नाहीत.

दुसऱ्या भेटीतलं एक दृश्य मात्र मी विसरणार नाही. आजींचा स्वेटर घालायचा होता. मावशी सवयीनं पुढे झाल्या. सिस्टरनी त्यांना हातानंच थांबवलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. पाच बटणं. पहिलं चुकीच्या काजात गेलं. मुलगा दारात उभा होता, त्याचे हात शिवशिवत होते. तिसऱ्या बटणाला आजी थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा लागल्या. चार मिनिटं गेली असतील. शेवटचं लागलं तेव्हा त्यांनी स्वेटर खाली ओढून सरळ केला आणि मुलाकडे पाहिलं, तो पाहण्याचा ढंग जुना असावा, कारण तो एकदम लहान झाला.

परिचर्या शिकताना व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकी परिचारिकेची मांडणी शिकवतात. अंगात बळ, मनात इच्छा किंवा पुरेशी माहिती असती तर माणसानं जे स्वतः केलं असतं, त्यात मदत करायची, आणि तीही अशी, की तो लवकरात लवकर आपला आपण करू लागेल. यातला दुसरा अर्धा भाग घराघरांत गळून पडतो. मायेनंच गळतो, म्हणून दिसत नाही.

माझं खरं काम मुलाबरोबर होतं. तिसऱ्या सत्रात ते निघालं. आई पडली त्या दिवशी त्याचा फोन सायलेंटवर होता. चाळीस मिनिटं ती फरशीवर होती. मी विचारलं, “तुम्ही आईला सांभाळताय, की त्या चाळीस मिनिटांना?” तो बराच वेळ रडला. अपराधीपणातून केलेली सेवा थकत नाही आणि थांबतही नाही, आणि समोरच्याला पेलवतेय का हे तिला दिसत नाही.

“पण विश्रांतीनं नुकसान कसं होईल?” हा त्याचा पुढचा प्रश्न. २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास मी त्याला सांगितला. निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळजवळ १ किलो मांस घटलं. तुमच्या आईचे पाच महिने झाले, एवढंच म्हणाले.

मग दिनक्रम बदलला. दिवसा दर दोन-अडीच तासांनी संडासला नेणं, पाणी सकाळ-दुपारी जास्त आणि संध्याकाळनंतर कमी, रात्री वाटेत मंद दिवा, बाथरूममध्ये भिंतीला घट्ट बसवलेला दांडा. सैल चपला गेल्या. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसून दहा-पंधरा वेळा पावलं हलवायची, मग उभं राहायचं. आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेचाही ज्येष्ठांसाठी किमान तीन दिवसांचाच सल्ला आहे. मावशी दिवसापुरत्या राहिल्या. त्यांना ‘करू नका, जवळ उभ्या राहा’ हे शिकवणं सगळ्यांत जड गेलं. बिचाऱ्यांना वाटे, आपण कामचुकार ठरू.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, अशी एक चाचणी असते. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजींना सुरुवातीला ३१ लागले होते, दहा आठवड्यांनी १७. धोका संपला नव्हता, आणि तसं मी मुलाला सांगितलंही. डायपर मात्र सुटलं. स्मृतीची चाचणी डॉक्टरांनी नंतर केली, ती वयाच्या मानानं ठीक निघाली.

पडल्यावर उठायचं कसं, हेही सिस्टरनी शिकवलं होतं. आधी दुखतंय का पाहायचं. दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर, मग रांगत खुर्चीपाशी, एक पाऊल टेकवून वर. मुलाला तो धडा अभद्र वाटला होता.

चौथ्या महिन्यात एका सकाळी त्याचा फोन आला. “मॅडम, आई पडली.” आवाज कापत होता. लागलं नव्हतं. तो बाथरूममधून बाहेर येईपर्यंत ती उठून खुर्चीवर बसली होती. “आता मावशींना पुन्हा रात्रीच्याही ठेवू का?”

मी काही बोलणार, तोच मागून आजींचा आवाज आला. “विचारतोयस कुणाला?”