वाटेवरचे पिवळसर जाळे

प्रश्न : आमच्या सुपारीच्या बागेलगत, पऱ्ह्याच्या कडेला, गणपतीनंतर दोन झाडांमध्ये एक प्रचंड जाळे दिसू लागले. मधोमध तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी असून आसपास काही बारीक तांबूस कोळी आहेत. ती त्याची पिल्ले असावीत काय? पंधरवडा उलटला तरी जाळे तिथेच आहे. कोळी विषारी असल्यास ते काढून टाकावे काय?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा जायंट वुड स्पायडर, म्हणजेच नेफिला पिलिपेस, असावा. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांत तो आढळतो. आपण पाहिलेला मोठा कोळी ही मादी आहे. तिचे शरीर ३ ते ५ सेंटीमीटर लांब असते आणि पाय पसरले की ती तळहात व्यापते. बारीक तांबूस कोळी ही पिल्ले नसून जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचे नर असण्याची शक्यता अधिक आहे. एकाच मादीच्या जाळ्यात असे अनेक नर राहतात. चांदीच्या थेंबांसारखे चकाकणारे कोळी दिसले, तर ते मात्र अडकलेले बारीक किडे चोरून खाणारे दुसऱ्या जातीचे कोळी समजावेत.

जाळे टिकून राहण्याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. चौकट आणि मध्यापासून निघणारे आरे तयार झाल्यावर कोळी आधी न चिकटणाऱ्या धाग्याचे विरळ फेरे घालतो आणि त्यांच्या आधाराने बाहेरून आत येत चिकट धागा विणतो. गोल जाळे विणणारे बहुतेक कोळी, बांधकाम संपल्यावर परांची उतरवावी तसे, हे आधाराचे फेरे काढून टाकतात. नेफिला मात्र ते तसेच ठेवते आणि त्यामुळे जाळ्याला बळकटी येते. अनेक कोळी रोज नवे जाळे विणतात, तर ही मादी फाटलेला भागच नव्याने विणून तेच जाळे वापरत राहते. जाळ्याचा मध्य वरच्या बाजूला सरकलेला आपल्याला दिसेल. मादी तिथे डोके खाली करून बसते, कारण भक्ष्याकडे वर चढण्यापेक्षा खाली धावणे तिला सोपे जाते. उन्हाची तिरीप पडली की धाग्यांवर जी पिवळी झाक उमटते, ती सकाळी मुद्दाम उभे राहून पाहावी, असे आवर्जून सुचवतो.

तिचे विष कीटकांसाठी आहे. हाताळल्याशिवाय ती सहसा चावत नाही आणि चावलीच तरी निरोगी माणसाला त्यापासून गंभीर धोका नसतो. म्हणून जाळे काढू नये, शक्य तर आपणच वाट थोडी वळवावी. ही मादी अंडी झाडावर न ठेवता जमिनीत उथळ खड्डा करून त्यात घालते आणि वर माती व पाचोळा ओढते, तेव्हा जाळ्याखालची जमीन खणणे किंवा तिथला पाचोळा जाळणेही टाळावे.