मुस्लिम आणि ख्रिश्चन विद्यार्थ्यांचा गट केलाय, पण धर्मावर बोललं की दर वेळी भांडण होतं, काय करावं?

मी ख्रिश्चन आहे आणि एम.ए. करताना असाच एक आठ-नऊ जणांचा गट दोन वर्षं चालवलाय, त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते अगदी ओळखीचं वाटलं. आमचे पहिले तीन महिने असेच गेले. दोन्हीकडची मुलं केस लढवायला आल्यासारखी तयारी करून यायची, कोणी कुराणातली ४:१५७, म्हणजे चौथ्या सूरेतली (अध्यायातली) १५७वी आयत (वचन) काढायचं की बघा येशूला क्रूसावर मारलंच नाही, कोणी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावायला लागायचं आणि मग आवाज चढायचे.

मग आम्ही वादच बंद केला आणि वाचायला लागलो. एका कागदावर दोन छोटे उतारे, सूरा मरियममधल्या १६ ते २६ आयती आणि लूकच्या शुभवर्तमानातली येशूच्या जन्माची गोष्ट. नियम एकच, ज्याचा ग्रंथ त्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.

आमच्यातल्या एका मुस्लिम मुलीने २३वी आयत वाचली. कळा असह्य होऊन मरियम, म्हणजे आमची मरीया, येशूची आई, खजुराच्या बुंध्यापाशी येते आणि म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. मी लहानपणापासून गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत सगळं ऐकलेलं, पण मरीयेला कळा आल्या असतील हे कधी मनातच आलं नव्हतं, लूक त्याबद्दल एक शब्द लिहीत नाही. मी गप्पच झाले. मग तिने विचारलं, तुमच्याकडे तिच्यासोबत योसेफ असतो ना? आमच्याकडे ती एकटी आहे. खरंच, मरियमसोबतचा हा योसेफ कुराणात नाहीच. ती सगळी संध्याकाळ त्या एकटेपणावर बोलण्यात गेली आणि कोणाला कोणाला हरवायचं सुचलं नाही.

दुसरं म्हणजे शब्द तपासा. कुराण ईसाला, म्हणजे येशूला, अल्लाचा 'कलिमा' म्हणजे शब्द म्हणतं (४:१७१) आणि योहान आपल्या शुभवर्तमानाची सुरुवातच करतो 'प्रारंभी शब्द होता' अशी, पण दोघांचा अर्थ एक नाही. आमच्या मुलांना वाटायचं ख्रिश्चनांसाठी जसा येशू तसे मुसलमानांसाठी मुहंमद पैगंबर. तसं नाहीये, देवाची वाणी म्हणून बघितलं तर येशूच्या जागेच्या जवळ खरं तर कुराण येतं. हे कळल्यावर अर्धे प्रश्न विचारायचीच गरज उरली नाही.

पहिल्याच दिवशी उघड सांगा की इथे कोणी कोणाला आपल्या धर्मात ओढायचं नाही. दोन्ही धर्मांना आपला संदेश पोचवायचा असतो, त्यामुळे ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असतेच, फक्त कोणी बोलत नाही. आणि मीटिंग मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या वेळी किंवा रविवारी सकाळी चर्चच्या वेळी ठेवू नका, आम्ही ठेवली होती आणि दोघं यायचेच बंद झाले.

पुढच्या वाचनासाठी २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना लिहिलेलं पत्र घ्या, देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम हा त्याचा गाभा आहे, सोबत मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय ठेवा, त्यात येशू याच दोन आज्ञा सांगतो.

क्रूसाचा विषय मात्र टाळू नका, फक्त उशिरा काढा. आम्ही आठव्या महिन्यात काढला. मत कोणाचंच बदललं नाही, माझंही नाही, पण सातला बसलो होतो ते साडेनऊपर्यंत कोणी उठलं नाही.