किक मारणाऱ्या फुटबॉलपटूचं डिजिटल चित्र थिजल्यासारखं दिसतं. मोशन ब्लर (हालचाल दाखवणारा धूसरपणा) वाढवू का?

नको, आधी क्षण बदला: बूट चेंडूला लागतानाचा नव्हे, त्याच्या किंचित आधीचा, पाय मागे ताणलेला आणि गुडघा दुमडलेला. किक उजव्या पायाची असेल तर डावा पाय चेंडूशेजारी रोवलेला, धड डावीकडे कललेलं, डावा हात बाजूला नि मागे उघडलेला. खांदे आणि कंबर उलट दिशांना पिळले जातात. जोर त्या पिळातच दिसतो. फोटो नुसता गिरवला की तो सपाट होतो, कारण 1/1000 सेकंदाचा शटर सगळंच सारखं गोठवतो. म्हणून डाव्या हातापासून उजव्या बुटापर्यंत एकच वक्र रेष आधी ओढा आणि कल 10-15 अंशांनी मुद्दाम वाढवा. संदर्भ हवा तर गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर किंवा गावच्या मैदानावर मोबाईलने स्लो मोशन घ्या, एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा.

ब्लर सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर: फक्त मारणाऱ्या पायाची पोटरी आणि बूट, तेही पाय ज्या कमानीत फिरतो त्या दिशेने. चेहरा आणि रोवलेला पाय स्वच्छ ठेवा. सगळीकडे ब्लर दिलात तर कॅमेरा हलल्यासारखं वाटतं. पावसातला सामना असेल तर आपला तांबडा चिखल कामाला येतो: शिंतोडे बुटाजवळ मोठे नि दाट, लांब जाताना बारीक, विरळ. सारख्या अंतरावर काढलेत की ते ठिपक्यांचं डिझाईन होतं.

गोलकीपरच्या झेपेला मात्र ‘आधीचा क्षण’ लागू नाही. तिथे पूर्ण ताणलेलं शरीरच घ्या.