टबातले राष्ट्रपती बघ एकदा
तू नेत्याचं व्यंगचित्र काढलंस आणि चित्राखाली ‘हुकूमशहा’ लिहिलंस, तिथेच गंमत गेली. अबू अब्राहम यांचं १९७५चं, ऐन आणीबाणीतलं व्यंगचित्र शोधून बघ. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसलेत, सही केलेला वटहुकूम तिथूनच दाराबाहेर देतायत आणि वर सांगतायत, अजून असतील तर जरा थांबायला सांगा! ज्यांच्या सरकारचे ते वटहुकूम, त्या इंदिरा गांधी चित्रात कुठेच नाहीत. कुणी चिडलेलंही नाही. सगळं कसं सभ्य, घरगुती. मेख तिथेच आहे. नेत्याच्या टकलावर, पोटावर हसणं सोपं (जातीवर तर नकोच), पण त्यानं सत्तेचं काही बिघडत नाही, उलट साहेबांना सहानुभूती मिळते. खुर्चीवर बसून तो काय करतो, ते पकड. आणि खालचा मजकूर आधी निम्मा कर.