पोटात एच. पायलोरी हा जंतू निघाला, पण ॲसिडिटीच्या गोळीने बरं वाटतंय. निव्वळ कॅन्सरच्या भीतीने १४ दिवस अँटिबायोटिक घ्यायची का?

हो, घ्यायची. आणि कोर्स संपल्यावर जंतू खरंच गेला का, तेही तपासायचं. हे दुसरं काम नेमकं सगळे टाळतात.

"अर्ध्या जगाच्या पोटात हा जंतू आहे, सगळ्यांना थोडाच कॅन्सर होतो?" हे तुम्हालाही कुणीतरी ऐकवलंच असेल. संसर्ग असलेल्यांपैकी साधारण १ ते ३ टक्के लोकांनाच पुढे जठराचा कॅन्सर होतो, हे खरं. पण आता दुसऱ्या टोकाकडून बघा. जपानमध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं एंडोस्कोपीने लक्ष ठेवलं. २००१ साली छापलेला हिशेब असा: संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना कॅन्सर, संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेल्यांच्या यादीत टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. एवढं असूनही "असू दे तसाच" म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याने आजूबाजूचं ॲसिड मारतो आणि जठराच्या चिकट थरात दडून बसतो. शरीर त्याच्यावर पांढऱ्या पेशी सोडत राहतं, पण त्याला हुसकावू शकत नाही. अशी वर्षानुवर्षं सूज राहते आणि त्यात अस्तराच्या पेशींचा डीएनए पोळत राहतो. या जंतूच्या ज्या जातींकडे कॅग-ए हे प्रथिन असतं, त्या ते सुई टोचावी तसं थेट पेशीत सोडतात. मग पेशींमधले सांधे सैल होतात आणि वाढीचे इशारे चुकीच्या वेळी सुटतात. हळूहळू ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात (ॲट्रॉफी), त्यांच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं (इंटेस्टिनल मेटाप्लेझिया), पुढे पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडतात (डिस्प्लेझिया) आणि मग कॅन्सर. ही साखळी पेलायो कोरेआ या पॅथॉलॉजिस्टने मांडली. तिला दशकं लागतात आणि बहुतेकांमध्ये ती मध्येच थांबते. त्रास होत नाही म्हणून ती थांबलीच आहे असं मात्र समजू नका. ॲट्रॉफी दुखत नाही.

आता तुमच्या गोळीबद्दल. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांनी जळजळ थांबते, जंतू मरत नाही. उलट ॲसिड कमी झालं की सूज जठराच्या खालच्या भागातून वर, मुख्य भागाकडे सरकते, आणि कॅन्सरच्या दृष्टीने तीच सूज जास्त वाईट. जंतू तसाच ठेवून वर्षानुवर्षं या गोळ्या घेणं मला अजिबात पटत नाही.

हीच गोळी तपासणीचाही घात करते. ती चालू असताना केलेली ब्रेथ टेस्ट (श्वासाची), स्टूल अँटिजेन (शौचात जंतूचे अंश शोधणारी) किंवा बायोप्सीच्या तुकड्यावरची युरिएज टेस्ट (युरिया फोडणारं जंतूचं एन्झाइम शोधणारी) खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे जंतू असूनही नाही असं दाखवू शकते. गोळी २ आठवडे बंद हवी. अँटिबायोटिक आणि बिस्मथ (कोर्समधलंच आणखी एक औषध) ४ आठवडे. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवडे थांबून ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन करा. रक्तातल्या अँटिबॉडी बघून "गेला" किंवा "आहे" ठरवू नका, कारण जंतू मेल्यावरही त्या कित्येक महिने टिकतात.

कोर्सचा नेहमीचा एक साचा म्हणजे ॲसिडची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, १४ दिवस. ॲसिडची गोळी जेवणाआधी अर्धा तास. टेट्रासायक्लिन दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांसोबत नको, त्यांना चिकटून ती वाया जाते. मेट्रोनिडॅझोलवर दारू बंद. तोंडाला धातूची चव येते. बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते. ते रक्त समजून लोक पाचव्या दिवशी घाबरतात आणि कोर्स अर्धवट सोडतात. मग उरतो तो औषधाला न जुमानणारा जंतू. आधी कधी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक घेतली असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. मग क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स फसण्याची शक्यता बरीच वाढते.

नंतरच्या तपासणीबद्दल मी इतका आग्रह का धरतो? कोरियात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या अगदी जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांवर चाचणी झाली, २०२० साली छापली. जंतू मारायचं औषध मिळालेल्यांत १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, डमी गोळीवाल्यांत २.७ टक्के. पण ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात ०.८ टक्के, आणि ज्यांचा राहिला त्यांच्यात २.९. नुसता कोर्स घेऊन भागत नाही, जंतू जायला हवा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: ॲट्रॉफी किंवा मेटाप्लेझिया झाल्यावर जंतू मारला तर धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय अशा बदललेल्या अस्तरात जंतूला राहता येत नाही, म्हणून त्या टप्प्यावरची निगेटिव्ह टेस्ट ही चांगली बातमी नसते. तेव्हा तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट काढा आणि हे दोन शब्द त्यात आहेत का बघा. तुकडे जठराचा खालचा भाग, मुख्य भाग आणि मधला कोन अशा तिन्ही ठिकाणांहून घेतले होते का, तेही बघा. बदल दूरवर पसरलेले असतील तर दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी करायची, ब्रेथ टेस्ट कितीही स्वच्छ आली तरी.