अंधारात सापडेल अशी केबल

नागपूर

प्रिय बेटा,

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला प्रक्षेपणाच्या तांत्रिक चमूत जायचं तर कोणता कोर्स करावा, असं तू विचारलं आहेस. कोर्सचं पुढे लिहितो. आधी केबलचं लिहितो, कारण नव्या माणसाच्या हातात पहिले कित्येक दिवस तीच असते आणि तिथेच त्याची पारख होते.

ऑलिम्पिकचं मूळ चित्रण प्रत्येक देशाची वाहिनी वेगळं करत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००१ मध्ये उभी केलेली ‘ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस’ ही संस्था एकच चित्र आणि ध्वनी तयार करते आणि हक्क घेतलेल्या सगळ्या वाहिन्यांना पुरवते. पॅरिसला २०२४ मध्ये हे काम ११ हजार तासांच्या वर गेलं. तुझ्या हातचा एक जोड सैल राहिला, तर त्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्याच देशात जात नाही.

मैदानावरच्या कॅमेऱ्याला बहुतेक ठिकाणी हायब्रिड फायबर केबल असते. जाडी ९.२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक. आत चित्र नेणाऱ्या दोन काचेच्या तारा, कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या चार तांब्याच्या, दोन इशाऱ्याच्या, आणि ताण सोसायला मधोमध पोलाद. काचेच्या तारेतला उजेड जाण्याचा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा असतो. आपल्या केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट. म्हणून जोडाच्या तोंडावर बसलेला डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही उजेड अडवतो. जोड लावण्याआधी प्रत्येक वेळी कोरड्या क्लीनिंग स्टिकने पूस. एका तोंडाला एक स्टिक, एकदाच, मग ती फेकून दे. तीच स्टिक दुसऱ्या तोंडाला लावलीस तर घाण पुसली जात नाही, फक्त जागा बदलते. शर्टाच्या टोकाने पुसणं, फुंकर मारणं अजिबात नाही. फुंकरीतली वाफ काचेवर बसते. जोड लावला की दोन्ही बाजूंची टोपणं एकमेकांत अडकवून ठेव, म्हणजे त्यांच्या आतही धूळ जात नाही. आणि चालू केबलच्या टोकात कधीही डोळा घालून पाहू नकोस. तो प्रकाश दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

आता गुंडाळण्याचं. कोपर आणि अंगठ्याभोवती दोरीसारखे वेढे घेतलेस की प्रत्येक वेढ्यागणिक केबलला एक पीळ बसतो. शंभर मीटरमध्ये असे शंभरेक पीळ साठतात, आणि उलगडताना गाठी पडून आतली काच मोडते. त्यासाठी एक वेढा सरळ आणि पुढचा मनगट उलटं फिरवून घ्यायचा, म्हणजे पहिल्याचा पीळ दुसरा सोडवतो. लांब केबल जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात पसरायची. हे वाचून येत नाही. वीस-तीस मीटरची जुनी केबल आण आणि रोज संध्याकाळी अंगणात पंधरा मिनिटं गुंडाळ. एक टोक धरून फेकल्यावर ती गाठ न पडता सरळ पसरली, की जमलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते लेबलांबद्दल. केबल टाकणारा आणि रात्री तीनला तिच्यातला बिघाड शोधणारा हे बहुतेक वेळा वेगळे असतात. शोधणारा कदाचित पोर्तुगीज असेल, केबल टाकताना तो तिथे नसेल, आणि त्याच्यासमोर एकाच रंगाच्या चाळीस केबल्सचा गठ्ठा असेल. त्याला तू दिसणार नाहीस, तुझं लेबल दिसेल. म्हणून दोन्ही टोकांना, प्रत्येक मधल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि भिंतीतून आरपार जाते तिथे तिच्या अलीकडे-पलीकडे लेबल लाव. त्यावर क्रमांक, कुठून, कुठे. केबल टाकण्याआधी लाव. टाकून झाल्यावर लावू म्हणणाऱ्यांची लेबलं राहूनच जातात. जोडापासून वीतभर आत लाव, म्हणजे जोड फिरवताना ती फाटत नाहीत. कॅमेऱ्याच्या मचाणापाशी चार-पाच मीटर जास्तीची केबल वेटोळं करून ठेव. दिग्दर्शक कॅमेरा दोन मीटर डावीकडे मागणार, हे धरूनच चाल. आणि तारीख शब्दांत लिही. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ७/८ म्हणजे तुझ्यासाठी सात ऑगस्ट आणि तुझ्या मुकादमासाठी आठ जुलै.

बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या वापर. प्लास्टिकचा टाय करकचून आवळला की आतली काच दबते, आणि हा बिघाड उन्हाने केबल तापल्यावर येतो आणि संध्याकाळी जातो, म्हणून तो शोधणं फार अवघड. विजेची केबल आणि माइकची केबल शेजारी-शेजारी पळवू नकोस, एक फुटाचं अंतर ठेव. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांड, नाहीतर आवाजात गुणगुण येते. विजेच्या रिळावर भार टाकण्याआधी सगळी केबल उलगड. गुंडाळलेल्या केबलला उष्णता सोडायला जागा नसते, ती वितळते.

बिघाड झाला की नवा माणूस पहिल्यांदा हात घालतो, तिथेच चुकतो. हेडसेटवर परवानगी मिळाल्याशिवाय एकही जोड काढायचा नाही, तो तुझ्याच केबलचा आहे याची खात्री असली तरी. परवानगी मिळाली की मधल्या जोडापासून सुरू कर. अलीकडचा अर्धा भाग ठीक असेल तर दोष पलीकडे. मग पलीकडच्या भागाचा मध्य. एका वेळी एकच गोष्ट बदल. घाईत केबल आणि कॅमेरा दोन्ही बदलले आणि चित्र आलं, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो खराब तुकडा पुन्हा पेटीत जाऊन उद्या दुसऱ्याच्या वाट्याला येतो. खराब केबलला लगेच लाल टेप लाव आणि वेगळी ठेव.

कागदपत्रांत आपल्याकडच्या मुलांची एक चूक नेहमी होते. पासपोर्टवर तुझं नाव आणि वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. ऑलिम्पिकच्या ठिकाणी आत सोडणाऱ्या ओळखपत्राच्या अर्जात नुसतं तुझं नाव आणि आडनाव भरलंस की दोन्ही जुळत नाहीत आणि ओळखपत्र फाटकावर अडतं. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिही. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्टची मुदत असलेली बरी. परदेशासाठी लागणारा पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो. मिळालेल्या ओळखपत्राचा फोटो कुठेही टाकू नकोस. त्यावरच्या कोडची नक्कल होते.

काम मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांब. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येतं. आईला सोबत बसवून पाहा, तिचीही चिंता थोडी कमी होईल. स्वयंसेवक म्हणून जाणं वेगळं: त्यात पगार नाही, आणि विमानभाडं व राहण्याचा खर्च आपला. पॅरिसला असे ४५ हजार स्वयंसेवक होते. तुझ्या घरची परिस्थिती पाहता तो रस्ता मी सुचवणार नाही. प्रक्षेपण संस्थेचं विद्यार्थ्यांसाठीचं प्रशिक्षण मुख्यतः यजमान देशातल्या मुलांसाठी असतं. तुला दार उघडेल ते साहित्य आणि माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांकडून, आणि त्या डिग्रीपेक्षा आधी किती सामने केलेस ते विचारतात.

म्हणून कोर्सचं उत्तर छोटं आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पूर्ण कर, दुसरं काही शोधू नकोस. सोबत काम कर. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर सामना असला की प्रक्षेपणाच्या गाड्या दोन-तीन दिवस आधी येतात आणि त्यांना स्थानिक हात लागतात. खासदार क्रीडा महोत्सवात, मानकापूरच्या संकुलातल्या स्पर्धांत, गणपतीच्या मांडवात साउंडवाल्याकडे, जिथे मिळेल तिथे केबल ओढ. प्रत्येक कामाची तारीख, ठिकाण आणि नेमकं काय केलंस ते वहीत लिहून ठेव.

उन्हाची तुला सवय आहे, पण आपल्या मे महिन्यात आपण दुपारी घरात बसतो. तिथे जुलैच्या उन्हात मैदानावर उभं राहायचं आहे. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान नसली तरी. सेफ्टी बूट इथेच घेऊन महिनाभर वापर. सुरी-पक्कड चेक-इन बॅगेत, सुटे लिथियम सेल हातातल्या पिशवीत. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं आहे का पाहा; अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. जवसाची चटणी नेलीस तर कस्टमच्या अर्जात लिही. घरी फोन करताना आपली घड्याळं साडेबारा तास पुढे असतात हे लक्षात ठेव.

सामान काढण्याच्या रात्रीसाठी ताकद राखून ठेव. अंतिम सामना संपला की सगळ्यांना घाई होते, आणि हात-पाय तेव्हाच जास्त दुखावतात. आधी कॅमेऱ्याची वीज बंद झाल्याचं हेडसेटवर ऐक, मग जोड काढ, लगेच टोपण लाव, आणि मगच केबल ओढ. ती अडकली तर जोर लावू नकोस. चालत जा आणि कुठे अडकली ते पाहा. ओली असेल तर पुसून गुंडाळ. मोजणी पूर्ण होईपर्यंत पेटीला कुलूप लावू देऊ नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी ये. एक जुनी केबल आणि क्लीनिंग स्टिकचं पाकीट तुझ्यासाठी काढून ठेवलं आहे.

तुझा,
काका